न मोजणारा देव

साठच्या दशकात मी बर्मिंगहॅमच्या एका इस्पितळात नर्स होते. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक लॅटव्हियन म्हातारी होती. दुसऱ्या महायुद्धात देश सोडून आलेली, लूथरपंथी ख्रिस्ती. जेवण आलं की हात जुळवून ती इतका वेळ प्रार्थना करायची की सूप पार निवून जायचं. मग आधी शेजारच्या बाईला भरवायची, कारण तिचे हात थरथरत. स्वतःचं नंतर. कुणी आभार मानले की चादरीवरचे पावाचे कण झटकावेत तसा हात झटकायची.

एका दुपारी नाडी बघताना मी म्हटलं, "इतकं करता तुम्ही लोकांचं. देव विसरणार नाही."

तिने हात काढून घेतला. "आमच्यात तसं नसतं, सिस्टर. केलेल्याचं पुण्य जमा होत नाही. माणूस तरतो तो विश्वासाने, त्याच्या कृपेने."

मला ते फार कोरडं वाटलं. "मग एवढं केलेलं फुकटच?"

ती बाहेरच्या करड्या आभाळाकडे बघत म्हणाली, "पळून निघालो तेव्हा आईला मी घरात एकटं सोडून आले. तिला चालता येत नव्हतं. देव मोजायला बसला, तर तेही मोजेल ना?"

मग हळूच म्हणाली, "कृपा आहे, हे लहानपणीच पाठ केलंय. अजून वाटत मात्र नाही."

पुढच्या आठवड्यात ती वारली. त्या शनिवारी मी नेहमीसारखा उपास केला. संध्याकाळी देवापुढे हात जोडले, पण उपासाच्या बदल्यात काही मागायला जीभ रेटेना.