सात दिवसांचं औषध

काल नातवाच्या औषधाच्या पावडरीत उकळून गार केलेलं पाणी घातलं आणि त्या संत्र्यासारख्या गोड वासानं मला पंचवीस वर्षं मागं, नारायणगावच्या घरी नेलं.

माझी सुली तेव्हा चार वर्षांची. कानातून पू यायचा, अंगात ताप. डॉक्टरांनी बजावलं होतं, "ताप उतरला तरी सात दिवस पुरे द्या." मी टोमॅटो तोडायला जायची, म्हणून दुपारचं औषध थोरल्या जाऊबाई पाजायच्या. पाचव्या दिवशी ताप पुन्हा चढला. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून विचारलं, "यात पाणी कुणी वाढवलं?"

घरी येऊन विचारल्यावर जाऊबाईंनी मान खाली घातली. "माज्या बाळ्यालाबी खोकला व्हता गं. त्याला निम्मं पाजलं. तुला कळू नये म्हणून पाणी घातलं."

"मागितलं असतं, तर मी न्हाई म्हणाले असते का?"



सुली नव्या औषधानं बरी झाली, पण त्या कानानं तिला आजही कमी ऐकू येतं. दिरांपुढं दवाखान्याचं नाव काढायची जाऊबाईंची हिंमत नव्हती, हे आता कळतं. पण रोज संध्याकाळी मी दारात आले की त्या हसून सांगायच्या, "पाजलं बरं का औषध." ते हसणं मला अजून विसरता येत नाही.