झाकणाचा डबा

परवा वसमतच्या रस्त्यावर शिजत्या हळदीचा वास आला आणि मला काकूचा फोन आठवला. मी तेव्हा पुण्यात मोबाईलच्या अॅपसाठी बटणांवरची बारकी चित्रं काढायला नुकतीच लागले होते आणि सुट्टीत गावी, हट्ट्याला आले होते. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरापाशी, हळदीच्या कढया चढल्या होत्या, वाफेत माणसंही पिवळट दिसत होती. काकूनं पदरात गुंडाळलेला फोन माझ्या हातात दिला. "काकाचे फोटो कमी कमी होऊन राहिले, पहाय बरं." काका जाऊन वर्ष होत आलं होतं. मी पाहिलं तर उरलेले सगळे फोटो हललेले, पुसट. "चांगले कुठं गेले गं?" "म्या ठेवले की डब्ब्यात," म्हणत तिनं कचरापेटीच्या चित्रावर बोट टेकवलं. "झाकणाचा डब्बा हाय न हा. चांगली चीज डब्ब्यातच ठेवतेत." ती पेटी काही दिवसांनी आपोआप रिकामी होते. आत एकच फोटो उरला होता, हळदीच्या ढिगाजवळ बसून हसणारे काका. मी घाईनं तो बाहेर काढला, तर काकूनं माझं मनगट धरलं. "बाहीर काहून काढून राहिली? खराब होईल न!" बाकीचे कायमचे पुसले गेले होते. "काकू, हा एक बाहेरच राहू दे," एवढंच मी म्हणाले. तिला ते पटलं नाही. तिचं चुकलं होतं की चित्राचं, मला कळेना. आजही कामावर त्या डब्याचं चित्र काढताना क्षणभर कळत नाही, यात टाकायचं असतं की ठेवायचं.