जोडीचा पाटा

माझा धाकटा भाऊ गाड्यांचे पाटे बसवतो. मागच्या चाकांच्या आसावर लोखंडाच्या लांब, वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. गाडीचा भार त्यांच्यावर येतो आणि रस्त्याचा धक्का प्रथम त्याच सोसतात. त्यांना पाटे म्हणतात. मिसरूड फुटण्याआधीपासून तो हे काम करीत आला आहे. बाजारात त्याला नावाने कोणी ओळखत नाही. गाडीच्या मडगार्डाला तो दोरी बांधतो, तिच्या टोकाला लोखंडी वजन सोडतो आणि मडगार्ड व चाक यांतले अंतर चारही चाकांपाशी पाहतो. म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणतात. त्याची बायकोसुद्धा रागावली की मला विचारीत असे, "वन्सं, आमचा ओळंबा कुठे लोंबकळतोय?"

त्याच्या कामाची एक रीत आहे. कोणी गाडी उंच करून घ्यायला आले, की तो आधी सुटे भाग दाखवीत नाही. तो विचारतो, "गाडीत रोज काय असतं?" ज्याच्या गाडीत विटा असतील त्याने विटा भरून यावे, ज्याच्या गाडीत पिंपे असतील त्याने पिंपे भरून यावे. भार भरल्याशिवाय तो पाट्याला हात लावीत नाही. "रिकामी गाडी खोटं बोलते," असे त्याचे म्हणणे आहे. एकदा एका तरुणाने थट्टेने सांगितले, "माझ्या गाडीत रोज सासू असते." भाऊ म्हणाला, "मग त्यांना घेऊन या." ती बाई खरोखर आली आणि काम संपेपर्यंत गाडीत बसून राहिली. जाताना ती जावयाला म्हणाली, "माझा भार कोणीतरी मनावर घेतला बाबा." पुढे कितीतरी दिवस आमच्या घरात ही गोष्ट सांगून हसणे होत असे.

दुकानाच्या मागे दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत ती दोघे राहत, मागच्या खोलीत मी. मला विधवा होऊन बराच काळ लोटला, तेव्हापासून मी त्यांच्याकडेच आहे. त्यांना एकच मुलगी. ती लग्न होऊन वरच्या वस्तीवर गेली. तिकडे जायचा रस्ता एका ओढ्यातून जातो. ओढ्यात पाणी थोडे, पण धोंडे मोठे. ते ओलांडले की खडी चढण लागते.

भावजयीच्या पाठीत दुखणे सुरू झाले, तेव्हा आम्हाला वाटले, वयाचे आहे. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्यावर कळले, की आजार हाडांत उतरला आहे आणि पाठीचे मणके आतून पोखरले गेले आहेत. डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितले, की आता बरे होण्याची गोष्ट नाही. त्रास कमी ठेवायचा, आणि धक्का अजिबात लागू द्यायचा नाही. भावाने घरी येऊन मला एवढेच सांगितले, "ताई, तिला धक्का लागता कामा नये."

याच सुमारास मुलीला दिवस गेले होते. तिचे आधीचे दोन गर्भ राहिले नव्हते. या वेळी डॉक्टरांनी तिला बाळ होईपर्यंत अंथरुणातून उठू नकोस असे बजावले होते. म्हणजे लेक खाली येऊ शकत नव्हती आणि आई वर जाऊ शकत नव्हती. फोन होता, पण वस्तीवर आवाज तुटत तुटत पोचत असे. एकदा मुलगी म्हणाली, "आई, नुसत्या आवाजानं काही होत नाही गं. तुला बघावंसं वाटतंय." भावजय म्हणाली, "बघण्यासारखं आता उरलंय काय माझ्यात? पण येते मी. तू हलू नकोस, मी येते."

हे तिने शब्द दिल्यासारखे म्हटले. त्यानंतर तिला दुसरी कोणतीही इच्छा उरली नाही.

दवाखान्याची गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबते. बाजेवर घालून चार माणसांनी न्यावे, तर चढण अशी की माणसाचा पाय घसरल्यावाचून राहत नाही. राहिली भावाची स्वतःची पिकअप गाडी. तिच्या मागच्या उघड्या हौद्यात जाड गादी घालून त्याने भावजयीला निजवले, मी उशाशी बसले आणि आम्ही निघालो. ओढ्यात शिरताच गाडीचे पोट धोंड्यावर आदळले. भावजयीने शालीचा काठ दातांत धरला. ती ओरडली नाही. भावाने काचेतून मागे पाहिले आणि गाडी तशीच मागे घेतली. घरी आल्यावर तिने शाल माझ्याकडे दिली. काठ फाटला होता. "शिवून ठेवा, वन्सं," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला लागेल."

दुसऱ्या दिवशी भाऊ सुटे भाग निवडायला बसला. हे काम त्याने शेकडो लोकांसाठी केले होते, पण या वेळी त्याची पंचाईत झाली. पिकअप ही माल वाहण्यासाठी बनवलेली गाडी. तिचे पाटे कडक असतात. भार कमी असला की ती उडते, आणि भावजयीचा भार तो किती! पाटे कमी केले तर गाडी मऊ होते, पण खाली बसते आणि धोंड्याला लागते. पाटे वाढवले तर गाडी उंच होते, पण माणसाला फेकून देते. उंची आणि मऊपणा एका ठिकाणी हवा होता, आणि त्या गाडीत ते एकत्र नांदत नव्हते.

सुट्या भागांच्या दुकानदाराने त्याच्यापुढे एक तयार संच ठेवला. त्यात आस आणि पाटा यांच्या मधे घालायचे ठोकळे होते, पाटे आसाला आवळायचे लांब यू-बोल्ट होते, जाड पाटे होते. "हे लाव, ओळंबा. गाडी कशी सिंहासारखी दिसेल."

"सिंहाला कोण विचारतंय," भाऊ म्हणाला. "माझ्या गाडीत आजारी माणूस आहे. तुझे पाटे परत घे. शॉकअप तेवढे लांब दांड्याचे दे, आणि ब्रेकचा लांब पाइप. गाडी उचलली की जुना ताणून फुटतो."

पुढच्या बाजूचे काम त्याने लवकर उरकले. मागच्या बाजूसाठी त्याला लांब, पातळ आणि चांगला बाक असलेले पाटे हवे होते. असे पाटे पूर्वी माणसे वाहणाऱ्या एका जुन्या गाडीला येत. ती गाडी आता बनत नाही. भंगारवाल्याकडे शोधता शोधता त्याला उजव्या बाजूचा संच मिळाला. त्याने तो घरी आणून भावजयीच्या बाजेजवळ ठेवला, पुसला आणि हाताने दाबून तिला दाखवला. "बघ, कसा लवतो."

"तुम्ही माझ्यापुढे कधी इतके लवला नाहीत," ती म्हणाली. "आता निघायचं कधी?"

"याची जोडी मिळाली की."

त्याने गोणपाटाच्या पिशवीत तिच्या वजनाइतकी वाळू भरली आणि ती पिशवी हौद्यातल्या गादीवर निजवली. त्या भारावर तो पाटे बसवणार होता. त्याची रीतच तशी होती. रोज सकाळी तो भावजयीला दोन्ही हातांवर उचलून दारापाशी उन्हातल्या खुर्चीत ठेवत असे. नंतर दुकानात जाऊन तो पिशवीचे तोंड सोडी आणि थोडी वाळू बाहेर काढी. पहिल्यांदा मी पाहिले तेव्हा मला कळले नाही. मी विचारले, "हे काय करतोस?" तो म्हणाला, "हाताला कळतं, ताई." मग मी पुन्हा विचारले नाही. भिंतीजवळ त्या काढलेल्या वाळूचा ढीग झाला आणि तो वाढत गेला.

डावा पाटा मिळेना. भंगारवाला एकदा एक पाटा घेऊन स्वतः दारात आला. तो त्याच जातीचा होता, पण वेगळ्या वर्षाचा, थोडा जाड. "हा घे, ओळंबा. उन्नीस-बीस आहे. कोणाला कळायचंही नाही."

भावाने ओळंबा लावला, पट्टी लावली, दोन्ही पाटे शेजारी ठेवून दाबून पाहिले. "नाही चालणार. एक बाजू लवेल, दुसरी अडेल. गाडी झोकांडी खाईल आणि तो झटका सरळ तिच्या पाठीत जाईल."

"मग लोहाराकडून नवा करून घे."

"भट्टीतला पाटा बसेपर्यंत रोज आपला बाक बदलतो. मला जोडीचाच पाहिजे."

भावजय बाजेवरून हे ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, तोच बसवा. मी दुसऱ्या कुशीवर झोपते."

भंगारवाला हसला. भाऊ हसला नाही. ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती, "मला धक्का लागला तर लागू द्या. मी ओरडत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मला पोचवा."

"अगं, मी बघितलंय मागच्या वेळी, काचेतून," भाऊ म्हणाला. "पुन्हा नाही बघवणार. थोडं थांब. मी तुला असा नेतो, की पेल्यातलं पाणी हलायचं नाही."

"पाण्याला घेऊन जायचंय का मला?" ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

भंगारवाला तो पाटा घेऊन परत गेला. त्या दिवशी तो बसवला असता तर ती दुखत-खुपत का होईना, पण वर पोचली असती असे मला वाटते. भावाला काय वाटते ते तो बोलत नाही. जे काम येते ते नीटच करायचे, एवढेच त्याला आयुष्यभर येत होते, आणि ज्या माणसावर त्याचा सर्वांत जास्त जीव होता त्याच्यासाठी अर्धवट काम त्याच्या हातून कसे व्हावे? तो रोज गावोगावची भंगाराची आवारे पालथी घालीत राहिला. ती रोज मला विचारीत राहिली, "मिळाला का?"

अखेर डावा पाटा मिळाला. भाऊ दुकानासमोर गाडीतून उतरला तेव्हा त्याने तो पाटा लहान मूल धरावे तसा दोन्ही हातांत धरला होता. भावजयीचे बोलणे तोवर थांबले होते. डोळे उघडे होते. त्याने तिच्या कानाशी वाकून सांगितले, "जोडी मिळाली. आज बसवतो, उद्या सकाळी निघू." तिने पापण्या हलवल्या. मी शिवलेली शाल तिच्या पायांवर घातली.

तो गाडीखाली शिरला. मी तिच्याजवळ बसून पान्ह्याचा आवाज ऐकत होते. दुपार कलली तेव्हा तिचा श्वास आधी लांबला आणि मग थांबला. मी तिचा हात खाली ठेवला आणि दुकानात गेले. भावाचे फक्त पाय दिसत होते. मी त्याला हाक मारली आणि वाकून त्याच्या घोट्यावर हात ठेवला. पान्हा थांबला. मग पान्हा पुन्हा फिरू लागला. उरलेले नट त्याने एकेक करून पुरते आवळले, ओळंबा सोडून चारही चाके पाहिली आणि हात धुऊन आत आला.

मुलीला केलेला फोन जावयाने घेतला. त्याने सांगितले, की ती रडत नाही, फक्त म्हणते, आई येते म्हणाली होती. भाऊ म्हणाला, "येतेय म्हणून सांग."

आम्ही तिला त्याच गादीवर निजवले. वाळूची पिशवी काढून दुकानात ठेवली. जावई ओढ्यापर्यंत सामोरा आला होता. तो पुढे भावाजवळ बसला आणि मी तिच्या उशाशी. ओढ्यात भाऊ प्रत्येक धोंड्याआधी थांबे, खाली उतरून चाक कुठे पडेल ते पाही, आणि मग गाडी इंचाइंचाने पुढे घेई. अंधार पडायच्या आत पोचायचे होते. जावई हळूच म्हणाला, "बाबा, जरा भरभर घेतली तरी चालेल. आता काय..."

"तिला धक्का लागतो," भाऊ म्हणाला.

गाडीचे पोट कोठेही लागले नाही. मी तिच्या कपाळावर हात ठेवला होता आणि सबंध ओढा पार होईपर्यंत ते कपाळ माझ्या हाताखाली हलले नाही. भाऊ म्हणाला होता तसेच झाले.

मुलीचे अंथरूण खिडकीला लागून होते. तिला उठवायचे नव्हते आणि आत न्यायला दार अरुंद होते. भावाने गाडी मागे घेत घेत भिंतीला लावली आणि हौद्याची फळी पाडली. गाडी उंच केल्यामुळे हौदा नेमका खिडकीच्या चौकटीशी आला. मुलीने पडल्या पडल्या हात बाहेर काढला आणि तो आईच्या गालापर्यंत पोचला. तिने गालावरून हात फिरवला, केस सारखे केले, शालीचा शिवलेला काठ चाचपला. "आत्या, हे कुठे फाटलं?" तिने मला विचारले.

"येताना," मी सांगितले.

भाऊ चाकाजवळ पाठ टेकून खाली बसला होता. त्याला खिडकीतले काही दिसत नव्हते, आणि त्याने उठून पाहिलेही नाही.

पुढे मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बाळाला पाहायला जायचे म्हणून मी सकाळी तयार होऊन बाहेर आले, तर हौद्यातल्या गादीवर ती वाळूची पिशवी पुन्हा ठेवलेली होती आणि ती सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पट्ट्याने बांधलेली होती. शेवटी शेवटी भावजय किती लहान झाली होती ते मला त्या दिवशी नीट दिसले.

मी म्हणाले, "आता ही काढून ठेव ना रे."

त्याने पट्टा ओढून पाहिला आणि माझ्यासाठी पुढचे दार उघडले.

"गाडी तिच्या भारावर बसवलीय, ताई," तो म्हणाला. "रिकामी उडते."