गेमच्या मशीनमधल्या अक्षता

"मावशी, बटण दाबलं तरी लाइटच लागत न्हाई," म्हणत संदीपनं गेमचं मशीन माझ्या टेबलावर ठेवलं. मागून त्याची आई आली आणि स्टूल ओढून बसली. सुनेनं ओल्या फडक्यानं पुसून मशीन बिघडवलं, असं तिनं बसता बसताच सांगितलं.

मंगळवार पेठेत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. नवऱ्यानं रेडिओ-टीव्हीसाठी टाकलं, त्याच्यामागं मी चालवते. माझी शाळा चौथीपर्यंत. संदीपचं दुकान पलीकडच्या गल्लीत. तिथं पोरं तासावर पैसे देऊन या मशीनवर गेम खेळतात. दसऱ्याला मशीन बंद पडलं, घरात भांडण झालं आणि सून रूपाली नेसरीला माहेरी गेली. चूक कबूल केल्याशिवाय घरात घेणार नाही, असा निरोप सासूनं तिकडं धाडला होता. हे सगळं सासूनंच सांगितलं, मी न विचारता.

मी कामाला लागले. मशीन सुरूच होत नसेल तर आधी बाहेरचं बघायचं. केबल बदलून बघितली. ती काढून मशीन थोडा वेळ तसंच ठेवलं, कधी कधी तेवढ्यानंही सुरू होतं. काही झालं नाही. मग खोललं.

आत पॉवर सप्लाय असतो. भिंतीतला करंट मशीनला सोसेल इतका कमी करणारा डबा. मल्टिमीटर लावला. डब्यात करंट जात होता, बाहेर येत नव्हता. डबा उघडण्याआधी कॅपॅसिटर रिकामा केला. तो प्लग काढल्यावरही करंट धरून बसतो आणि बेसावध माणसाला झटका देतो.

फ्यूज उडाला होता. शेजारी बोर्ड जळून काळा. त्यावर लाल, चिकट काहीतरी ओघळून सुकलेलं आणि त्यात तांदळाचे दाणे. ओल्या फडक्यातून अक्षता पडत नाहीत.

"खंडेनवमीला मशीनची पूजा केलीती?" मी विचारलं.

"केली की," सासू म्हणाली. "पोटाला घालतंय ते. हळद-कुंकू, अक्षता वाहिल्या, वरनं नारळाचं पाणी शिंपडलं."

"प्लग काढलाता?"

"चालू मशीनचीच पूजा करायची असती. बंदाची कसली?"

"केली कुणी?"

"मीच. रूपालीची अडचण हुती. चार दिवस बाजूला बसलीती, दुकानाची पायरीसुद्धा चढली न्हाई."

संदीपनं मान वर केली.

"मग फडकं कवा मारलं तिनं?" मी विचारलं.

मी चिमट्यानं दाणे काढले, कागदावर ठेवले आणि कागद सासूपुढं सरकवला. तिनं एक दाणा बोटानं उलटा करून बघितला. मला वाटलं, मिटलं.

"हात लागला नसंल," ती म्हणाली. "पर विटाळशी बाई घरात असल्यावर देव सोसतोय व्हय? म्हणूनच पडलं बंद."

"देव न्हाई, नारळाचं पाणी गेलंय आत."

तिनं पदर सावरला आणि माझ्याशी बोलायचं बंद केलं.

बोर्ड स्पिरिटनं साफ केला. फ्यूज बदलला, जळलेला पार्ट बदलला. दुसऱ्या दिवशी संदीप एकटाच आला. बटण दाबलं, लाइट लागला. त्याचा चेहरा खुलला. मी अक्षतांची पुडी त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, ही घेऊन नेसरीला जा. बायकोला सांग, तुझी चूक नव्हती. फोनवर नको, समोर जाऊन सांग.

"आईला जरा थंड होऊ दे, मावशी. मग बघू की."

त्यानं मशीन पिशवीत घातलं. केबल नीट गुंडाळून घेतली. पुडी टेबलावरच राहिली.

दिवाळी होऊन गेली. त्या गल्लीतनं जाताना पोरांचा दंगा ऐकू येतो, म्हणजे मशीन चालतंय. रूपाली नेसरीलाच आहे.

पूजा मीही करते, माझ्या सोल्डरिंग आयर्नची. प्लग काढून, कुंकवाचं एक बोट लावायचं. पाणी नाही. एवढं पाळलं तर मशीन टिकतं. आणि बिघाड सापडला की ते दुरुस्तही होतं. माणसांचं तसं नसतं, हे मला आधीच ठाऊक होतं. तरी पुडी बांधली.