सांध्यांचे तेल

काज ही गोष्ट समाजाच्या लक्षात येते ती फाटल्यावरच. काजवालीची सामाजिक स्थिती या एका वाक्यात मावते. तिची जीभ मात्र मावत नाही. शिंप्याच्या दुकानात मागच्या खिडकीपाशी बसून ती हाताने काजे भरी, आणि भरता भरता गिऱ्हाइकांची, त्यांच्या पोटांच्या घेरांची व दुकानाचे मालक असलेल्या मास्तरांची यथासांग चिरफाड करी. मास्तर ऐकून घेत. कोटाचे काज तिच्यासारखे भरणारे दुसरे कोणी नव्हते.

मग तिची बोटे सुजू लागली. सकाळी मूठ वळेना, सुई चिमटीत धरवेना. डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्यायला सांगितले. विश्रांती हा शब्द पगारी रजा मिळणाऱ्यांनी घडवलेला असावा. नगावर काम करणाऱ्याला त्याचा अर्थ उपवास असा लागतो. मास्तर सभ्य गृहस्थ असल्यामुळे तोंडाने काही बोलले नाहीत. त्यांनी काजे भरणाऱ्या यंत्राचे रंगीत चित्र तिला दिसेल असे भिंतीवर चिकटवले.

तिची धाकटी नणंद माशाच्या तेलाच्या कॅप्सूल भरणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. रसायनशास्त्र शिकलेली, आणि ते कोणाला विसरू न देणारी. तिने लेबल न लागलेली एक बाटली आणून दिली आणि सोबत व्याख्यानही. थंड समुद्रातल्या तेलकट माशांच्या चरबीत विशिष्ट मेदाम्ले असतात. शरीर सूज भडकवणारी द्रव्ये ज्या मेदापासून बनवते, त्याची जागा ही आम्ले काही प्रमाणात घेतात आणि त्यांच्यापासून जे बनते ते सौम्य निघते. गुण आलाच तर काही महिन्यांनी, तोही माफक. तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. दोन सकाळी, दोन रात्री, जेवण झाल्यावर.

काजवालीने यातून नेमके एवढेच घेतले: हे सांध्यांचे तेल आहे. सांध्यांचे तेल सांध्यांना लावतात, यात शंका घेण्यासारखे तिच्या घरात कधी काही घडले नव्हते. ती सुईने कॅप्सूल टोची आणि तेल बोटांवर चोळी. जेवणानंतरच का, याचाही उलगडा तिने केला होता: आधी लावले तर घास तोंडाजवळ नेववणार नाही. गल्लीतली मांजरे तिला दुकानापर्यंत पोचवायला येऊ लागली. नवरा बाहेरच्या खोलीत झोपू लागला. हा तिने औषधाचा पहिला गुण मानला.

दुसरा गुण एका वकिलाच्या कोटाला आला. कोट परत करताना त्याने सांगितले की भर कोर्टात विरुद्ध पक्षाने खुर्ची लांब सरकवली, आणि न्यायाधीशांनी खिडक्या उघडायला लावल्या. मास्तरांनी कोट हुंगला, मग काजवालीचे हात हुंगले. हंगाम संपताच यंत्र येईल, तोवर तिने काजांना हात न लावता फक्त बटणे शिवावीत, असा निकाल झाला. बटणे कोणीही शिवतो. ती घरी गेली आणि त्या दिवशी कोणाविषयीही वाईट बोलली नाही, तेव्हा नवऱ्याने घाबरून बहिणीला बोलावून घेतले.

नणंद दारातच थबकली.

"वहिनी, हे तू हाताला लावलंस?"

"मग काय डोक्याला लावू?"

"अगं, गिळायचं असतं ते."

"तेल? तुमच्या कारखान्यात गिळत असतील."

"जेवणानंतर म्हणून सांगितलं होतं ना मी."

"सांगितलंस की. तोंडात घाल, एवढं नाही सांगितलंस."

समुद्रापासून पेशीपर्यंतचा मार्ग नणंदेने नीट समजावला होता. मधले तोंड तेवढे राहून गेले होते.

काजवाली कॅप्सूल गिळू लागली. वास आता ढेकरेतून येई, पण ढेकर कोटाला लागत नसल्यामुळे मास्तरांची तक्रार नव्हती. हंगाम सरता सरता सकाळचा आखडलेपणा लवकर सुटू लागला. डॉक्टरांनी श्रेय गोळ्यांना दिले. नवऱ्याने ते स्वतःकडे घेतले, कारण मधल्या काळात धुणे त्याच्याकडे आले होते. एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही, हे फक्त नणंदेने कबूल केले, आणि तेही तोंड वाकडे करून.

यंत्रवाला सौदा पक्का करायला आला त्या सकाळी काजवालीने न विचारता एक जाड लोकरी कोट उचलला आणि काज भरायला घेतले. दोन बोटे अजून वाकडी होती. मास्तर यंत्रवाल्याशी बोलत होते, पण नजर तिच्या सुईवर होती. काज पुरे झाल्यावर त्यांनी त्यात बटण घालून पाहिले. जोर लावावा लागला.

"घट्ट झालंय."

"नवं काज घट्टच असतं, मास्तर. सैल झालेलं हवं असेल तर यांच्या यंत्राकडून घ्या."

मास्तरांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला, मग तो नाकाशी नेला. नंतर दुसरा कोट तिच्या मांडीवर टाकला आणि यंत्रवाल्याला सांगितले की यंत्र हवे आहे, पण फक्त सदऱ्यांपुरते.