दिवा नसलेलं चित्र

दोन हजार चार-पाचच्या सुमारास इंग्लंडात लीड्समधल्या एका छोट्या गॅलरीला लोकांना चित्रं समजावून सांगणारे व्हॉलंटियर हवे होते. मला ते काम करायचंच होतं. पण पहिल्याच चाचणीत मी आपटले. चित्र सतराव्या शतकातलं: गोठ्यात नुकता जन्मलेला येशू, भोवती मेंढपाळ, मागे एक म्हातारी. पुस्तकातले उतारे घोकून गेले आणि मधेच गाडी अडली. निवड करणाऱ्या बाई वयस्कर, पण खमक्या. म्हणाल्या, "पाठ केलेलं नको. तुम्हाला काय दिसतं ते सांगा. हवं तर पुन्हा या."

"जाऊ दे ना गं," नवरा म्हणाला. तो तिथल्याच हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. "त्यांच्या देवाचं चित्र त्यांना तू काय सांगणार?"

"का म्हणून नाही?" मी तडकलेच. "डोळे काय फक्त त्यांनाच दिलेत?"

पुढच्याच आठवड्यात त्याचा वाढदिवस आला. मुलीला लाइट बंद करायला सांगून मी त्याला ओवाळायला लागले. निरांजनाचा उजेड खालून हनुवटीवर पडला, नाकाखाली, मग डोळ्यांत. डोळे भरलेले, पण पठ्ठ्या पाणी खाली पडू देईना. 'ओवाळलं का त्याला?' असं दरवर्षी फोनवर विचारणारी त्याची आई त्या वर्षी नव्हती. ती गेली तेव्हाही हा रडला नव्हता.

माझा हात थांबला. अगं बाई, हेच तर! चित्रात दिवा कुठेच नाही. उजेड बाळातूनच येतो, आणि त्यात प्रत्येकाच्या मनातलं तोंडावर दिसतं. मी मेली इतके दिवस बाळाकडेच बघत बसले होते.

"आई, तू का थांबला?" मुलीने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं.

दुसऱ्या चाचणीला मी पर्समधून निरांजन नेलं, तुपात भिजवलेल्या फुलवातीसकट. काडी ओढणार तोच गार्ड धावत आला. चित्रांच्या खोलीत आग! मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता माघार घेणार नव्हते. न पेटवलेलंच निरांजन मी त्या बाईंसमोर फिरवलं. "आमच्याकडे माणसाला असं ओवाळतात. उजेडात तोंड बघायचं. हा मेंढपाळ हसतोय. मागची म्हातारी रडतेय, आणि लपायला तिला अंधारच उरला नाहीये."

बाई पुढे होऊन त्या म्हातारीकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "गुरुवारपासून येता येईल?"

माझ्या पहिल्या टूरला नवरा नाइट शिफ्टवरून थेट आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला. "बाळाकडे नको, तोंडं बघा," मी म्हटलं. त्याने त्या म्हातारीकडे पाहिलं आणि चारचौघांत हमसून रडायला लागला. पण मी थांबले नाही. टूर पुरी केली, आणि त्याला रडू दिलं.