पामेरियनचं औक्षण

पांढऱ्याशुभ्र कुत्रीच्या कपाळाला मी एकदा ओलं कुंकू लावलं, तेही डॉग शोच्या सकाळी. तेव्हा मला माझ्या हुशारीचं फार कौतुक होतं.

शेजारच्या सायकलवाल्यानं जन्मभर गल्लीतली कुत्री सांभाळली आणि शेवटी कागदपत्रांसकट अस्सल पामेरियन आणली. गल्लीतल्या कुत्र्यांशी तो मराठीत बोलायचा, हिच्याशी इंग्रजीत: "कम हियर की." एकदा तरी कप आणायचा, हा त्याचा ध्यास. त्या दिवशी दोघंही भांग पाडून निघालेली बघून मला राहवलं नाही, मी ओवाळलं.

मैदानात पोचेपर्यंत कुंकू नाकावर ओघळलं. जखम समजून परीक्षकानं तिला बाहेर काढलं.

सायकलवाला परत आल्यावर मी खाली मान घालून माफी मागितली, तर तो म्हणाला, "वैनी, कप फुडल्या साली आणू की. पर ओवाळून धाडलेलं कुत्रं तितं आमचं एकटंच हुतं."